मराठी नावांच्या फायली : या चुका टाळा

मराठी नाव दिलेली फाईल दुसऱ्या संगणकावर गेली की कधी चौकोन दिसतात, कधी प्रश्नचिन्हे, तर कधी अगम्य अक्षरे. बहुतेक जण इथेच पहिली चूक करतात आणि घाईघाईने नाव बदलून टाकतात.

आधी काय दिसते आहे ते नीट पाहावे. चौकोन दिसत असतील तर त्या यंत्रावर देवनागरी फाँट नाही एवढेच समजावे; नावाला काहीही झालेले नसते. विंडोजवरील एखाद्या जुन्या प्रोग्रॅमात प्रश्नचिन्हे दिसली, तर त्या प्रोग्रॅमला युनिकोड (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारे मानक) कळत नाही; मूळ नाव डिस्कवर शाबूत असते, पण त्या प्रोग्रॅमने नवी प्रत काढली तर प्रतीवरचे नाव कायमचे गेले. अगम्य अक्षरे मात्र बहुधा परत मिळवता येतात. झिपमधून काढलेल्या नावात ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन ही जोडी वारंवार दिसली, तर ते यूटीएफ-८ मधले (युनिकोड साठवण्याच्या एका पद्धतीतले) मराठीच असते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट (साठवणीची एकके) ४३७ क्रमांकाच्या जुन्या कोडपेजात, म्हणजे बाइटवरून अक्षर ठरवणाऱ्या तक्त्यात, असेच उमटतात. अशी झिप सेव्हन-झिप या प्रोग्रॅमच्या आज्ञेत ६५००१ हे यूटीएफ-८ चे कोडपेज देऊन पुन्हा उघडावी.

खास मराठीची अडचण ‘ऱ’ची आहे. ‘वऱ्हाड’ हे नाव तीन प्रकारे टंकित होऊ शकते: थेट ऱ आणि हलन्त; र, नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि हलन्त; किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात, पण विंडोज आणि लिनक्स त्यांना वेगळी नावे मानतात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दोन ‘वऱ्हाड’ सुखाने नांदतात आणि शोधात भलतेच सापडते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाईलव्यवस्थेत (डिस्कवर फायली साठवण्याच्या पद्धतीत) ऱ ची र आणि नुक्ता अशी फोड करूनच नाव साठवले जाई. २०१७ साली तिच्या जागी आलेल्या एपीएफएसमध्ये ही सक्ती उरली नाही, तरी जुन्या डिस्कवरून आलेली नावे फोडलेलीच राहतात. म्हणून कार्यालयात सर्वांनी एकच कळफलक वापरावा (इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबल्यावर थेट ऱ उमटतो), आणि शोधताना नावाचा ऱ नसलेला भाग द्यावा.

विसर्गाऐवजी अपूर्णविराम देण्याची सवय छापील मजकुरात खपते, फाईलच्या नावात नाही. लिनक्सवर ‘नि:शुल्क’ असे नाव दिलेली फाईल विंडोजवर त्या नावाने ठेवता येत नाही, कारण तिथे अपूर्णविराम निषिद्ध आहे; खरा विसर्ग घातलेले ‘निःशुल्क’ मात्र बिनबोभाट चालते. जावक क्रमांकातली तिरपी रेघही नावात चालत नाही, तिच्या जागी आडवी रेघ घालावी. फोल्डरचे नाव ‘जि.प.’ असे टिंबाने संपवू नये, कारण विंडोज शेवटचे टिंब गाळून टाकते.

लांबीचा हिशेबही वेगळा आहे. विंडोजच्या एनटीएफएस फाईलव्यवस्थेत नावाला २५५ युनिकोड एककांची (देवनागरीचे एक चिन्ह म्हणजे एक एकक) मर्यादा आहे, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटची, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. ‘ग्रामपंचायत’ ही सहा अक्षरे दिसतात, पण चिन्हे अकरा आणि बाइट तेहतीस होतात. ठरावाचा अख्खा विषयच फाईलचे नाव म्हणून दिला, तर विंडोजवर बिनतक्रार साठवलेली फाईल लिनक्स सर्व्हरवर चढवताना अडते, तेव्हा प्रत्ययासकट (शेवटच्या टिंबानंतरच्या .pdf सारख्या भागासकट) नाव ८० चिन्हांच्या आत ठेवावे.