पेरणीआधी बियाणं निवडा: सूप, चाळण आणि मिठाचं पाणी

रोहिणी लागल्या की माळ्यावरची बियाण्याची पोती खाली येतात. मृग ७-८ जूनला लागतो आणि तिथून पुढेही चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, म्हणजे हातात थोडे दिवस आहेत. हे दिवस बियाणं निवडायला द्या, एवढंच आज कळकळीने सांगायचं आहे. पोत्यात आपण ज्याला घरचं बियाणं म्हणतो ते एक मिश्रण असतं. त्यात भरलेला दाणा असतो, पोचट असतो, फुटका असतो, तणाचं बी असतं, खळ्यावरची माती आणि बारीक खडे असतात. पेरताना हे सगळं एकाच मापाने रानात जातं आणि मग पंधरा दिवसांनी आपण बांधावर उभे राहून नांगे, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, मोजतो.

शाळेत पोरांना विज्ञानाच्या तासाला मिश्रण वेगळं करायला शिकवतात: वेचणं, चाळणं, पाखडणं, निवळणं, गाळणं. आपल्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, फक्त त्याला कुणी धडा म्हटलं नाही. त्यामागचं सूत्र एकच. दोन वस्तू वेगळ्या करायच्या तर त्यांच्यात फरक कशाचा आहे ते आधी ओळखायचं. फरक वजनाचा असेल तर वारा किंवा पाणी लागतं, आकारमानाचा असेल तर चाळण लागते, आणि गोल-चपट्याचा असेल तर नुसता उतारसुद्धा पुरतो.

वाऱ्यापासून सुरुवात करा. तिवईवर उभं राहून पाटीतून धार सोडली की भूस लांब जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खाली पडलेल्या दाण्यातही प्रतवारी झालेली असते, ती आपण बघत नाही. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला पडलेला दाणा सगळ्यात जड असतो. जसजसं लांब जावं तसा दाणा हलका होत जातो. बियाण्यासाठी ढिगाची ती अलीकडची बाजूच बाजूला काढा, उरलेलं खायला ठेवा. तळातलं मातेरं बियाण्यात अजिबात घेऊ नका, तणाचं बी तिथेच सगळ्यात जास्त असतं.

सुपाचं काम मात्र हातानेच कळतं. माझी आई सूप हातात घ्यायची तेव्हा त्यात दोन वेगळ्या चाली असायच्या. आधी पाखडायची, म्हणजे सूप वर उडवून किंचित मागे ओढायची, त्याबरोबर फोलपट पुढच्या कडेवरून बाहेर पडायचं. मग घोळायची. सूप गोल फिरलं की काडीकचरा आणि हलका दाणा वर येऊन मधोमध जमायचा, तो ती चार बोटांनी उचलून टाकायची, आणि खडे खाली राहायचे. ज्यांच्या घरात हा हात अजून आहे, त्यांनी तो पुढच्या पिढीला जरूर दाखवावा.

सोयाबीनला पाणी लावायचं नाही. त्याचं टरफल पातळ असतं, भिजवून वाळवलं की साल सुटते आणि उगवण जाते. त्याला चाळण आणि उतारच बरा. वरच्या मोठ्या भोकांच्या चाळणीवर काड्या आणि शेंगांचे तुकडे अडवा, खालच्या बारीक चाळणीतून माती, तणाचं बी आणि चुरा जाऊ द्या. मग स्वच्छ पत्रा थोडा तिरका धरून वरून हळूहळू दाणे सोडा. गोल दाणा घरंगळत खाली येतो, फुटकी डाळ आणि सुरकुतलेला दाणा मागे अडखळतो. बियाणे प्रक्रिया केंद्रातलं सर्पिल यंत्र याच तत्त्वावर चालतं. पोतं आपटू नका, उंचावरून फेकू नका.

आता भात. मावळात इंद्रायणी घरची ठेवणारे पुष्कळ आहेत. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा सरळ वाण आहे, त्यामुळे घरचं बियाणं चालतं. रोपवाटिकेत टाकण्याआधी त्याला मिठाचं पाणी द्या. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळू द्या, मग बियाणं थोडं थोडं सोडा. साधं पाणी का नको? पाण्यात मीठ विरघळलं की पाणी जड होतं, आणि अर्धवट भरलेला जो दाणा साध्या पाण्यात कसाबसा तळ गाठतो तोसुद्धा वर येतो. बियाणं टाकल्यावर हाताने नीट ढवळा. भाताच्या तुसावर बारीक लव असते, तिला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि चांगला दाणाही उगाच तरंगत राहतो. ढवळून पाणी शांत झालं की वर तरंगणारा थर, म्हणजे तरंग, चाळणीने काढून घ्या.

तळाचं बियाणं लगेच साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवा आणि सावलीत वाळवा. धुण्यात हयगय करू नका. एका वर्षी पाऊस तोंडावर आला म्हणून मी एकाच पाण्यात आटपलं आणि माझी रोपवाटिका ठिकठिकाणी विरळ उठली. मीठ सालीवर राहिलं की ते बियाला लागणारं पाणी अडवतं. भाताची तरंग धुऊन-वाळवून कोंबड्यांना घालता येते.

बाजरीच्या तरंगीचं मात्र तसं नाही, आणि हा भाग कृपा करून दोनदा वाचा. फुलोऱ्यात कणसातून गुलाबीसर चिकट थेंब गळताना तुम्ही पाहिले असतील. तो अरगट, आपल्याकडचा चिकटा. पुढे त्याच कणसात दाण्याच्या जागी काळपट कठीण खडे तयार होतात. मळणीत ते बाजरीत मिसळतात, आणि बियाण्याबरोबर पेरले गेले की रोग पुन्हा रानात येतो. आकाराने ते दाण्याच्या जवळपास असतात, म्हणून चाळणीला दाद देत नाहीत. इथे मिठाचं प्रमाण बरंच वाढवावं लागतं: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ. बाजरी सोडून ढवळली की अरगटाचे खडे आणि हलका दाणा वर येतो, निरोगी बाजरी खाली बसते. खालची बाजरी दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवा.

वरची तरंग जाळा किंवा खोल पुरा. अरगट विषारी असतो, माणसालाही आणि जनावरालाही. कोंबड्यांना नाही, गव्हाणीत नाही, उकिरड्यावरही नाही. याला स्वयंपाकघरातलं पातेलं वापरू नका. उरलेलं खारं पाणी पुढच्या खेपेला चालतं. काम संपल्यावर ते रानात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका, त्यात २ किलो मीठ आहे. हे सगळं धनशक्तीसारख्या सरळ वाणाच्या घरच्या बियाण्यासाठी. संकरित बाजरीचं बियाणं दरवर्षी नवंच घ्यावं लागतं. आणि विकतचं रंग लावलेलं बियाणं पाण्यात घालू नका, घरच्या सुपात तर नाहीच, कारण त्यावर औषध असतं.

याच दिवसांत निंबोळ्या पडतात. फवारणीच्या अर्कासाठी त्या वेचून पाण्यात चोळा, गर आणि साल सुटते, बी सावलीत वाळवा. ५ किलो बी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि एकूण १०० लिटर करा. गाळणं दुहेरी फडक्याने झालं नाही तर पंपाचा नोझल तुंबतो.

फवारणीच्या पाण्याचंही असंच. ओढ्याचं गढूळ पाणी पिंपात रात्रभर न हलवता ठेवा आणि वरची निवळी नळीने अलगद काढा. ग्लायफोसेट हे तणनाशक मातीच्या कणांना धरून बसतं, गढूळ पाण्यात त्याचा जोर जातो. पाणी लवकर निवळावं म्हणून तुरटी फिरवण्याचा मोह इथे टाळा, तुरटीतलं ॲल्युमिनियमही त्याला धरतं. विहिरीच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मात्र ना निवळतात, ना फडक्यात अडकतात. ठिबकच्या तोटीवर पांढरा थर दिसतो तो पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेला क्षार. मिठागरात मीठ मिळतं तेही याच रीतीने. त्यामुळे ठिबकची जाळी रोज धुतली तरी हा थर येतच राहतो, त्याला आम्लप्रक्रियाच, म्हणजे नळ्यांतून आम्ल सोडून थर विरघळवणंच, लागते.

निवडलेलं बियाणं तयार झालं की त्यातले न निवडता १०० दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट ओलसर राहू द्या. आठवड्याने उघडून धड मोड आलेले मोजा. सोयाबीनचे ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो पुरे. ६० निघाले तर ३५ किलो धरा. त्याहून कमी निघाले तर ते बियाणं पेरू नका, दुसरं बघायला अजून वेळ आहे. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावा, ते सुकल्यावर जिवाणू खत, आणि सावलीत पसरून त्याच दिवशी पेरा.