वरचा माळा चढवताय? मंजुरीतल्या या चुका टाळा

एप्रिल लागला की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. "भाऊ, कन्हानची रेती येऊन पडली, मिस्त्री उद्यापासून लागतो म्हणते, तुम्ही फक्त नकाशाचं पाहून घ्या." नकाशाचं पाहून घ्या म्हणजे काम सुरू होऊ द्या आणि मंजुरी मागून आणा. मी नागपुरात वीस वर्षांहून जास्त काळ घरांचे नकाशे काढतो आहे आणि दर उन्हाळ्यात हेच ऐकतो. पावसाच्या आत स्लॅब पडावा ही घाई मला कळते. पण ज्या घरांत ही घाई झाली, तिथली माणसं पुढे दोन-दोन वर्षं कार्यालयांच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिली आहेत.

उभं घर न मोजताच नवी खोली आखणं

सगळ्यात जास्त प्रकरणं इथे अडकतात. मंजूर नकाशा असतो वीस-तीस वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात मागचं टिनाचं न्हाणीघर विटांचं झालेलं असतं, बाजूच्या मोकळ्या जागेतून जिना वर गेलेला असतो, पोर्चला भिंत लागलेली असते. घरच्यांना विचारलं तर "हे पहिल्यापासूनच आहे." फाइलमध्ये मात्र यातलं काही नसतं. वाढीव बांधकामाचा प्रस्ताव गेला की तपासणारा जुना नकाशा हातात घेऊन घराभोवती फिरतो, आणि त्याचं पहिलं बोट नव्या खोलीआधी जुन्या जिन्यावर जातं.

मानेवाडा भागातल्या एका निवृत्त शिक्षकांचं घर मी विसरू शकत नाही. 30 बाय 50 चा प्लॉट, डिसेंबरात मुलाचं लग्न. एप्रिलमध्ये ते आले तेव्हा लोखंड अंगणात येऊन पडलं होतं. मी म्हटलं, "सर, जुना मंजूर नकाशा शोधा, मला एक दिवस द्या, घर मोजतो, मग बोलू." नकाशा सापडेना. ठेकेदार म्हणाला, "सर, पयले स्लॅब टाकून घेऊ, मंग पाहता येते. साऱ्या लाइनीत असंच झालं आहे." सरांनी त्याचं ऐकलं. मे महिन्यातल्या एका रविवारी स्लॅब पडला आणि पंधरा दिवसांच्या आत नोटीस आली: काम थांबवा, परवानगी दाखवा.

तेव्हा मी टेप घेऊन गेलो. स्लॅबवर क्युरिंगचं पाणी अजून उभं होतं. टेपचं एक टोक काकूंनी धरलं. तोवर जुना नकाशा सापडला होता; त्यात उजव्या बाजूला 5 फूट मोकळी जागा दाखवली होती. प्रत्यक्षात समोर भरली 4 फूट 10 इंच, मध्ये जिन्यापाशी 1 फूट 8 इंच, आणि मागे न्हाणीघर थेट वॉल कंपाउंडला टेकलेलं. प्लॉटची मागची रुंदीही 30 फूट भरेना, 29 फूट 2 इंच निघाली, कारण कंपाउंड कधी काळी हद्दीच्या आत बांधलं गेलं होतं. प्रत्येक आकडा मी मोठ्याने वाचत होतो आणि काकू दर वेळी विचारत होत्या, "म्हणजे बरोबर ना?" नव्या माळ्यावर जायची एकुलती एक वाट तो बाजूचा जिना होता, आणि तोच नियमात बसत नव्हता.

शेवटी जिना घराच्या आत घ्यावा लागला. महिन्याभरापूर्वी टाकलेल्या स्लॅबला दहा बाय सात फुटांचं भोक. स्ट्रक्चरल इंजिनिअरने खडूने रेघ मारून दिली, खालून टेके लागले, कडेने नवे बीम आले. ज्या खोलीसाठी सगळा खटाटोप केला, तीच खोली जिन्यात गेली. डिसेंबरात वर नुसत्या विटा उभ्या होत्या. सून खालच्या खोलीत आली आणि सर-काकू दीड वर्ष हॉलमध्ये झोपले. ठेकेदाराने फोन उचलणं केव्हाच सोडलं होतं. एप्रिलमध्ये नकाशाची वाट न पाहता मीच उठून मोजायला गेलो असतो तर हे टळलं असतं, ही बोच मला आजही आहे.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. घर पाहिल्याशिवाय एक रेघ काढत नाही. चारही बाजूंची मोकळी जागा समोर, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजतो, प्लॉटचे दोन्ही कर्ण घेतो. मग जुन्या नकाशाच्या झेरॉक्सवर जास्तीचं सगळं लाल पेनाने भरतो आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून तो कागद दाखवतो. काय पाडायचं, काय सुधारित नकाशात घेता येतं, हे त्याच बैठकीत ठरतं. जुना नकाशा हरवला असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि 30 दिवसांची मुदत आहे. तेवढंही थांबायची तयारी नसेल तर माळा चढवायचा विचार पुढच्या वर्षावर टाकलेला बरा.

परवानगीशिवाय काम केलं तर काय होतं हेही माहीत असू द्या. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात काम थांबवायला कलम 54 आहे, बांधलेलं काढायला कलम 53, आणि 52 खाली खटला चालतो. "मागून दंड भरून नियमित करू" या भरवशावर तर मुळीच राहू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये अनधिकृत बांधकामांबद्दल कडक निर्देश दिले आहेत आणि बँकांनाही कर्जाआधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे झाल्यावर वापरासाठी मिळणारा दाखला, पाहायला सांगितलं आहे.

चुकीच्या दारात जाणं

नागपुरात हा घोळ जुना आहे. काही भाग महानगरपालिकेकडे, काही नागपूर सुधार प्रन्यासकडे, शहराबाहेरचा पट्टा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. शासनाच्या आदेशांनी हे अधिकार मध्यंतरी बदललेही आहेत, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी भावाने कुठे फाइल दिली होती त्यावर जाऊ नका. टॅक्सची पावती मनपाची येते म्हणून मंजुरीही मनपाच देईल, असं धरून चालणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. मी फाइलच्या पहिल्या पानावर मौजा (महसुली गाव), खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर), ले-आऊट आणि प्लॉट क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहितो आणि तो कागद दाखवूनच विचारतो.

गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल (नागपुरातल्या 572 किंवा 1900 ले-आऊटच्या यादीतला), तर आधी आर.एल., म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, हातात आहे का ते बघा. नसेल तर 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित करून घेणं हे पहिलं काम. त्याआधी माळ्याचा नकाशा काढून घेणं म्हणजे फी वाया घालवणं, आणि मी अशी फी घेत नाही.

"150 चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला परवानगी लागत नाही"

अर्धवट ऐकलेली गोष्ट. 30 बाय 50 चा प्लॉट साधारण 139 चौरस मीटरचा, म्हणून आपल्याकडची पुष्कळ घरं या गटात येतात. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत अशा लहान प्लॉटसाठी रीत सोपी केली आहे, हे खरं. परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा आणि कागद जमा करायचे, शुल्क भरायचं, आणि ती पावती हीच परवानगी. पण नकाशा नियमातच बसलेला लागतो आणि बांधकाम त्याच नकाशाप्रमाणे लागतं. आधी कुणी तपासत नाही म्हणून जबाबदारी उलट तुमच्यावर आणि सही करणाऱ्यावर जास्त येते. पैसे घेऊन न पाहता सही देणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका.

शेजाऱ्याचं गणित आपल्या घराला लावणं

शेजाऱ्याने 2010 साली जेवढं बांधलं तेवढंच आपल्यालाही मिळेल, असं नसतं. जुन्या नियमांत बाल्कनी, जिना वगैरे चटई क्षेत्रातून, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या बांधकामातून, वगळता यायचे. नव्या नियमावलीत ते धरले जातात आणि त्यांच्यासाठी अनुषंगिक क्षेत्राची वेगळी मर्यादा आहे. दाट वस्तीबाहेर मूळ चटई निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.10, म्हणजे 1,500 चौरस फुटांच्या प्लॉटला 1,650 चौरस फूट. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारं जास्तीचं क्षेत्र) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) चढवता येत नाही. रस्त्याची रुंदी ले-आऊटच्या नकाशावरून घ्या, दारात उभं राहून अंदाज बांधू नका.

ज्या चुकांना एकेक ओळ पुरते

मालमत्ता कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, कर लागणं वेगळं आणि मंजुरी वेगळी.

शेजाऱ्याने "माझी हरकत नाही" असं लिहून दिलं तरी सामासिक अंतर, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडावंच लागतं.

आखीव पत्रिकेवर (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) अजून वडिलांचं नाव असेल तर आधी वारसांचा फेरफार करा. बहिणींच्या सह्या शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका, घरात वितुष्ट येतं.

सुधार प्रन्यासचा लीजचा प्लॉट असेल तर लीजची मुदत तपासा.

परवानगी एक वर्ष टिकते. काम लांबलं तर संपण्याआधी मुदतवाढ घ्या.

कॉलम नसलेल्या, नऊ इंची भिंतींच्या जुन्या घरावर माळा चढवायचा तर पायाशेजारी खड्डा खणून पाया किती खोल आहे ते पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही, काळ्या मातीत तर नाहीच.

तारांकडे न पाहणं

नकाशा कागदावर असतो, तार कागदावर दिसत नाही. जुन्या वस्त्यांत खांब घराला इतके लागून आहेत की तळमजल्याला काही अडत नाही, आणि माळा चढला की तार थेट गॅलरीसमोर येते. 2017 मध्ये सुगतनगरात उच्चदाब तारेमुळे लहान मुलांचा जीव गेला, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा विषय हाती घेतला. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो की आधी वर बघतो.

11 केव्ही (11 हजार व्होल्ट) तारेपासून आडवं अंतर किमान 1.2 मीटर आणि उभं 3.7 मीटर लागतं. 33 केव्हीपर्यंत आडवं 2 मीटर. हे अंतर धरायचं ते सगळ्यात बाहेर आलेल्या भागापासून, म्हणजे गॅलरी, छज्जा आणि उद्या लागणारं टीन धरून. गच्चीवर जाऊन टेपने किंवा काठीने तार मोजायला जाऊ नका. महावितरणच्या माणसाला बोलवा आणि अंतर लेखी घ्या. अंतर बसत नसेल तर गॅलरी दुसऱ्या बाजूला काढा, नाहीतर तार हलवायला अर्ज करा. त्यांचा माणूस पाहून जाईल, अंदाजपत्रक येईल, पैसे भरावे लागतील, खांब सरकेल. यात दोन-चार महिने जातात, म्हणून हा अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका, रेतीचा ट्रक सांगायच्या कितीतरी आधी.