परफेक्शनच्या नादात स्वतःलाच कमी लेखताय? या चुका टाळा

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की 94 टक्के मिळवलेल्या पोराला पहिला प्रश्न काय, तर बाकीचे सहा कुठे गेले? कोकण बोर्ड निकालात वर असतं याचा अभिमान मलाही आहे, पण अशा प्रश्नातून पोर एवढंच शिकतं की मार्क आले तर मी कोणीतरी, नाहीतर कोणीच नाही. घरच्यांनो, आधी जेवायला वाढा, मार्कांचं नंतर बोला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'एकदा सगळं नीट जमलं की कॉन्फिडन्स येईल' असं धरून चालणं. नाही येत. शफ्रान, कूपर आणि फेअरबर्न या मानसशास्त्रातल्या तज्ज्ञांनी 2002 मध्ये हेच मांडलं, की परफेक्शनच्या मागे लागलेल्या माणसाची स्वतःबद्दलची किंमत जवळजवळ सगळी कामगिरीवर ठरते, आणि ठरवलेलं जमलं तरी तो म्हणतो हे सोपंच होतं आणि अपेक्षा अजून वर नेतो. म्हणजे चुकलं तर मी नालायक, जमलं तर त्यात काय एवढं, मग सेल्फ-एस्टीम वाढणार कुठून?

चतुर्थीचंच बघा ना. नैवेद्याचे 21 मोदक, वीस सुरेख, कळ्या अगदी एकसारख्या, आणि एक वाफवताना फुटला. तो फुटका ताटात मागे सरकवायचा आणि दिवसभर 'माझ्या हाताला जमतच नाही' म्हणत राहायचं, असं करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. अगं, मोदक फुटला, तू नाही! उकड कोरडी राहिली का, नीट मळली गेली का, पारी कुठे पातळ झाली का ते बघ, पुढच्या घाण्याला सुधारेल. स्वतःला बोल लावून कळी सुधारत नाही.

उलटी चूकही होते, 'जाऊ दे, चालतंय' म्हणून दर्जाच सोडून द्यायचा. त्याची काही गरज नाही. चांगलं करायची हौस वेगळी आणि चुकायची धास्ती वेगळी, माणूस खचतो तो धास्तीने. हेविट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्याकडून अपेक्षा, आणि लोकांना मी परफेक्टच हवाय असं वाटत राहणं. हा तिसरा फार त्रास देतो, आणि वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यात गणपतीला मुंबईकर येणार, मग तो किती वाढतो ते सांगायला नको.

होमस्टेचे फोटो अजून चांगले काढू म्हणत ते टाकायचेच नाहीत आणि पर्यटकांचा सीझन घालवायचा, हीसुद्धा तीच धास्ती.

करून बघा: एखादं छोटं काम मुद्दाम थोडं अपुरं सोडा, आधी कागदावर लिहा काय वाईट होईल वाटतंय, आणि दोन दिवसांनी खरंच काय झालं ते त्याच्याच खाली लिहा. झोप-जेवण बिघडण्यापर्यंत गेलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फ्री आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.