फुटबॉलच्या वर्षाची वही कशी ठेवावी

दोनशे पानी वही पुरते. पण पहिल्याच पानावर जानेवारी ते डिसेंबर असे बारा रकाने आखलेत, की मार्चपर्यंत वही बिघडलीच म्हणून समजा. इंग्लंड, स्पेन, इटलीचा हंगाम ऑगस्टला सुरू होतो आणि मेअखेर संपतो, म्हणून तो 2025-26 असा लिहायचा. ब्राझीलची लीग एकाच सालात आटोपते. मेस्सीचे 2012 या सालातले गोल 91, तर 2011-12 च्या हंगामातले बार्सिलोनासाठीचे 73. आकडे दोन्ही बरोबर आहेत. 91 मध्ये अर्जेंटिनाचे 12 धरलेत आणि काळही वेगळा आहे. म्हणून वहीचे तीन भाग करा: हंगामी लीग, एका सालातल्या लीग, राष्ट्रीय संघ.

तारखेला दोन रकाने हवेत, तिथली आणि आपली. चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे, बरेचसे सामने मध्य युरोपात रात्री 9 ला सुरू होतात. तेव्हा आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो; मंगळवारचा सामना बुधवारात गेलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे येतात. अमेरिकेत हाच बदल नोव्हेंबरच्या पहिल्या आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. मधल्या त्या आठवड्यांत गजर हमखास चुकतो.

निकाल एका आकड्यात कोंबू नका. 90 मिनिटं, जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट वेगवेगळं लिहा. 2022 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना असा दिसेल: 2-2, 3-3, शूटआउट अर्जेंटिना 4, फ्रान्स 2. नोंदीत हा सामना बरोबरीतच धरतात. फ्रान्सच्या एम्बाप्पेच्या खात्यात गोल तीनच. शूटआउटमधला मोजायचा नाही. युरोपीय क्लब स्पर्धांच्या जुन्या नोंदी चाळताना हेही ध्यानात असू द्या की 2021 पर्यंत बाहेरच्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन होतं. दोन सामन्यांतले एकूण गोल सारखे असूनही एक संघ पुढे गेलेला दिसला, तर बहुधा कारण तेच.

गुणतक्त्यात खरी मेख आहे समान गुणांची. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) बघतात. 2011-12 मध्ये मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे 89 गुण झाले आणि सिटी गोलफरकावर जिंकली. स्पेनमध्ये आधी आपसातल्या सामन्यांचा हिशोब होतो. 2006-07 मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे 76 गुण होते, गोलफरक बार्सिलोनाचा सरस होता, तरी चषक माद्रिदला गेला. प्रत्येक लीगच्या पानावर डोक्याशीच हा नियम लिहून ठेवा.

चॅम्पियन्स लीगला 2024-25 पासून गट नाहीत. 36 संघांचा एकच तक्ता, प्रत्येकाचे 8 सामने. आठव्या आणि चोविसाव्या संघाखाली लाल रेघ मारा: वरचे आठ थेट पुढच्या फेरीत, 9 ते 24 प्लेऑफमध्ये, म्हणजे तिथे पोचण्यासाठीच्या जादा फेरीत, उरलेले घरी.

राष्ट्रीय संघांच्या तारखांना क्लबच्या पानावर जागा मोकळी सोडा. 2026 पासून राष्ट्रीय सामन्यांसाठी क्लबना मिळणाऱ्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन सुट्ट्यांऐवजी एकच लांब सुट्टी आहे. त्या वर्षीच्या विश्वचषकात 48 संघ, 12 गट आणि 104 सामने. तिसऱ्या क्रमांकाच्या बारा संघांचा वेगळा तक्ता आखा, कारण त्यातले आठ पुढे जातात.

लांबणीवर पडलेला सामना पेन्सिलीने लिहा, आणि गुणांशेजारी खेळलेल्या सामन्यांची संख्या कधीही गाळू नका.