अमेरिकेत टायरमध्ये हवा कशी भरावी: पैसे कुठे द्यायचे, कुठे द्यायचे नाहीत

मागच्या नोव्हेंबरात आमच्या शेजारचा एक मुलगा, पुण्याहून येऊन जेमतेम तीन महिने झालेला, मला म्हणाला, "काकू, गाडीत ते टायरच्या हवेचं पिवळं चिन्ह दोन आठवड्यांपासून पेटलंय." मी हवेचा दाब मोजायचं गेज घेऊन खाली गेले. मागचा डावा टायर २२ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आला होता, दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं होतं. त्याच गाडीतून तो रोज फ्रीवेने, म्हणजे महामार्गाने, ऑफिसला जात होता. हवा का भरली नाहीस म्हणून विचारलं, तर दोनदा जाऊन आला होता बिचारा. पहिल्यांदा मशीनला नाणी लागत होती, ती जवळ नव्हती. दुसऱ्यांदा कार्डाने पैसे भरले, पण टोपणं काढून नळी मागच्या चाकापर्यंत ओढेस्तोवर वेळ संपली आणि मशीन बंद पडलं.

यात त्याची चूक नाही. आपल्याकडे पेट्रोल पंपावर हवा फुकट असते आणि ती भरायला माणूस असतो. आपण काच खाली करून "पुढे तीस, मागे बत्तीस" सांगतो आणि निघताना त्याच्या हातावर दहा रुपये ठेवतो. अमेरिकेत गॅस स्टेशनवर, म्हणजे तिथल्या पेट्रोल पंपावर, एका कोपऱ्यात मशीन उभं असतं. ते बहुतेक ठिकाणी पैसे मागतं आणि भरायचं काम आपल्यालाच करावं लागतं. एकदा नीट समजलं की दहा मिनिटांचं काम आहे, पण ते समजावून सांगणारं कुणी भेटत नाही.

आधी आपल्या गाडीचा आकडा

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. पुढच्या आणि मागच्या टायरला किती हवा हवी ते त्यावर पीएसआयमध्ये लिहिलेलं असतं. साध्या कारला हा आकडा बहुतेक ३० ते ३६ च्या दरम्यान असतो. पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही वाचा.

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा धरू नका. तिथे ४४ किंवा ५१ असं काहीतरी असतं. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, आपल्या गाडीसाठीचा सल्ला नव्हे. तेवढी हवा भरली तर टायर दगडासारखा होतो, रस्त्यावरची पकड कमी होते आणि मधला भाग लवकर झिजतो.

मग घरीच मोजा

सगळ्यात जास्त महत्त्व मी या पायरीला देते. पाच-दहा डॉलरचं गेज घ्या आणि ते गाडीतच ठेवा. स्टेशनवरची गेज शेकडो वेळा जमिनीवर आपटलेली असतात, त्यांचा भरवसा धरता येत नाही.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे किंवा एक मैलापेक्षा कमी चालली आहे. चालल्यावर टायर तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि गेज जास्त आकडा दाखवतं. म्हणून सकाळी गाडी काढण्यापूर्वी चारही टायर मोजा आणि कागदावर लिहून ठेवा.

समजा हवे आहेत ३३ आणि सकाळी मोजल्यावर निघाले २८, म्हणजे कमी आहेत ५. आता स्टेशनवर पोचेपर्यंत टायर तापून तोच आकडा ३१ झाला. तिथे ३३ पर्यंत भरून थांबलात तर उद्या सकाळी टायर पुन्हा कमी दिसेल. कमी असलेले ५ गरम आकड्यात मिळवा, म्हणजे ३६ पर्यंत भरा. घरी मोजून न जाणाऱ्याला हा हिशोब करताच येत नाही, म्हणून तो कायम थोड्या कमी हवेवर गाडी चालवतो.

पिवळं चिन्ह पेटेल तेव्हा बघू, असंही करू नका. हवेचा दाब कमी झाल्यावर सूचना देणारी ही यंत्रणा अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या कारना सक्तीची आहे. पण नियमानुसार ती दाब २५ टक्के उतरेपर्यंत गप्प राहू शकते. ३३ च्या गाडीत याचा अर्थ साधारण २५. तोवर टायरच्या कडा जास्त वाकून तापत राहतात आणि उन्हाळ्यात फ्रीवेवर टायर फुटण्याचं हे एक मोठं कारण असतं. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप जाते, म्हणून महिन्यातून एकदा मोजाच.

हवा फुकट कुठे मिळते

तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. १ जानेवारी २००० पासून तिथल्या गॅस स्टेशनांना, स्टेशन चालू असेल त्या वेळात, हवा, पाणी आणि हवेचा दाब मोजायचं गेज ठेवावं लागतं. इंधन घेणाऱ्या ग्राहकाला ते विनामूल्य द्यावं लागतं. तशी पाटीही लावावी लागते आणि तिच्यावर तक्रारीसाठी फोन नंबर असतो. अट एकच, इंधन घेतलेलं हवं. नुसतीच हवा भरायला आलात तर ते पैसे मागू शकतात.

तरीही मशीनवर दोन डॉलरचा आकडा झळकत असतो आणि फुकट शब्द कुठेच दिसत नाही. त्यामुळे कितीतरी लोक टाकी भरून झाल्यावर हवेचेही पैसे देतात. तसं करू नका. आधी गॅस, म्हणजे पेट्रोल, भरा, पावती घ्या, आत काउंटरवर जा आणि सांगा की हवा हवी आहे. काउंटरवरचा माणूस आतून बटण दाबून मशीन चालू करतो, काही ठिकाणी टोकन देतो. एकदा एका स्टेशनवर मला काउंटरवरून "मशीन आमचं नाही, पैसे टाका" असं उत्तर मिळालं होतं. मशीन बाहेरच्या कंपनीचं असणं खरंच शक्य आहे, पुष्कळ ठिकाणी तसंच असतं. पण त्यामुळे कायदा बदलत नाही. मी पावती समोर ठेवली, भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि शांतपणे उभी राहिले. मशीन चालू झालं. आवाज चढवावा लागला नाही. नव्याने आलेली आपली मुलं अशा वेळी संकोचून दोन डॉलर टाकून मोकळी होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

कनेक्टिकटमध्येही स्टेशनांनी हवा मोफत द्यावी असा कायदा आहे. बाकी बहुतेक राज्यांत असा हक्क नाही, तिथे ठिकाणं माहीत असावी लागतात. पूर्व किनाऱ्यावरच्या वावा आणि शीट्झ, मध्य आणि दक्षिण भागातली क्विकट्रिप या साखळ्या मोफत हवेसाठी ओळखल्या जातात. डिस्काउंट टायर आणि पश्चिमेकडे लेस श्वाब या टायरच्या दुकानांत हवा तपासून भरून देतात, पैसे घेत नाहीत आणि गाडीतून उतरावंही लागत नाही. ज्यांना खाली वाकायला त्रास होतो, त्यांच्यासाठी हाच मार्ग उत्तम. कुठे टायरमध्ये नायट्रोजन भरत असतील तर घाबरू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि दोन्ही एकत्र झाल्याने काही बिघडत नाही. केवळ नायट्रोजनसाठी जादा पैसे मात्र देऊ नका.

पैसे द्यायची वेळ आली तर

रात्र आहे, जवळ दुसरं काही नाही, तर दोन डॉलर द्या आणि हवा भरा. कमी हवेने फ्रीवेवर जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण मशीनचं घड्याळ पैसे टाकल्या क्षणी सुरू होतं आणि तीन ते पाच मिनिटांत थांबतं. त्यामुळे सगळी तयारी आधी करायची.

गाडी अशी लावा की मशीन साधारण तिच्या मध्यावर येईल आणि नळी चारही चाकांपर्यंत पोचेल. पैसे टाकण्याआधी नळी ओढून सगळ्यात लांबच्या चाकापर्यंत नेऊन बघा. चारही व्हॉल्व्हची टोपणं काढून खिशात ठेवा, जमिनीवर ठेवलेलं टोपण गडगडत जातं. कुठल्या टायरला किती हवा द्यायची तो कागद हाताशी ठेवा. जुन्या मशीनला फक्त क्वार्टर, म्हणजे २५ सेंटची नाणी लागतात, दोन डॉलरला आठ. गाडीत दहा-बारा क्वार्टरची एक डबी कायम असू द्या. नव्या मशीनवर कार्ड चालतं.

मशीन घरघरायला लागलं की लांबच्या चाकापासून सुरुवात करा. नोझल, म्हणजे नळीचं टोक, व्हॉल्व्हवर सरळ आणि घट्ट दाबा. फुसफुस आवाज येत असेल तर नोझल तिरकं बसलंय आणि हवा बाहेर चालली आहे. तसंच दाबत राहिलात तर टायर भरायच्या ऐवजी रिकामा होतो. उचला आणि पुन्हा सरळ बसवा. मुठीत खटका असेल तर तो दाबल्यावर हवा जाते आणि सोडल्यावर गेजवर आकडा दिसतो. दहा-पंधरा सेकंद भरा, थांबा, आपल्या गेजने मोजा. एखाद-दुसरा पीएसआय जास्त झाला तर काळजी नको. व्हॉल्व्हच्या मधली बारीक पिन नखाने किंवा किल्लीच्या टोकाने क्षणभर दाबा, जादा हवा निघून जाईल.

काही नव्या मशीनवर आकडा आधीच बसवता येतो. अधिक-उण्याच्या बटणांनी ३६ करा, नोझल लावून धरा, तेवढी हवा भरली की मशीन पीं पीं वाजतं. ही मशीनं नवख्याला फार सोयीची.

शेवटी टोपणं परत लावा. ती शोभेची नाहीत, व्हॉल्व्हमध्ये धूळ आणि पाणी जाऊ देत नाहीत. पिवळं चिन्ह लगेच विझलं नाही तर थोडी गाडी चालवा. काही गाड्यांत ते मेन्यूतून किंवा बटणाने रीसेट करावं लागतं, मॅन्युअलमध्ये बघा. गाडी सुरू करताच चिन्ह मिनिटभर लुकलुकून मग तसंच पेटून राहत असेल, तर बिघाड हवेत नाही, सेन्सरच्या यंत्रणेत आहे.

स्वतःचा पंप

एखाद्या वर्षाहून जास्त राहणार असाल तर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर घेऊन टाका. साधारण तीस-चाळीस डॉलरला मिळतो. घराच्या दारात, टायर थंड असताना भरता येतं, त्यामुळे गरम-थंड हिशोबही करावा लागत नाही. शिकागो किंवा मिनियापोलिससारख्या थंड गावांत तर तो जवळ असलाच पाहिजे. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण एक पीएसआय घटतो. सत्तरवरून वीसवर आलं की पाच गेले, आणि अशा पहाटे गॅस स्टेशनच्या मशीनसमोर रांग लागलेली असते.

स्टेपनीही तपासा. छोट्या, बारीक स्टेपनीला बहुतेक ६० पीएसआय लागतात, बाकीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. हल्ली कितीतरी नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच, नुसता पंप आणि पंक्चर बुजवायचं द्रव असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते आजच डिकी उघडून बघा, पंक्चर झाल्यावर नको.

चारही टायर सारखेच दोन-चारने उतरले असतील तर ते थंडीमुळे किंवा नेहमीच्या आपोआप जाणाऱ्या हवेमुळे. एकच टायर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात बहुतेक काहीतरी घुसलंय, आणि कितीही हवा भरली तरी ती राहणार नाही. शेजारच्या मुलाचे तीन टायर ३० वर होते आणि एकटा मागचा डावा २२ वर. माझ्या पंपाने ३३ करून त्याला थेट टायरच्या दुकानात पाठवलं. जमिनीला टेकणाऱ्या भागात स्क्रू निघाला, म्हणून पंक्चर काढता आलं. बाजूच्या भिंतीत असता तर टायरच बदलावा लागला असता.