सिगार सोमेलियर व्हायचंय? आधी नाक तयार करा

सिगार सोमेलियर म्हणजे ग्राहकाला साजेसा सिगार निवडून देणारा जाणकार. या कामात येऊ पाहणारे बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात: सुरुवात कोणत्या सिगारने करू? मी सांगतो, इतक्यात पेटवूच नका. चव ओळखण्याचं निम्म्याहून अधिक शिक्षण धुराशिवाय होतं आणि ते धुराशिवायच नीट होतं.

कारण साधं आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्शासारखी भरीव चव) एवढंच कळतं. (टोकाला गोड, कडेला आंबट असा जिभेचा नकाशा अजूनही शिकवला जातो. तो चुकीचा आहे, विसरून जा.) सिगारमध्ये कोको, देवदार किंवा चामडं 'लागतं' तेव्हा ते खरं तर नाकाला कळत असतं, तोंडाच्या मागच्या वाटेने. माणसाकडे गंध टिपणारे जवळपास ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात, त्यामुळे नाक सहसा कमी पडत नाही. अडतं ते नावापाशी. वास ओळखीचा वाटतो, पण कशाचा ते ओठांवर येत नाही.

म्हणून सराव नाव देण्याचा करायचा. आतलं दिसणार नाही अशा छोट्या बाटल्या घ्या. त्यांत कॉफीच्या बिया, कोको, मिरी, दालचिनी, लवंग, देवदाराचा भुसा, चामड्याचा तुकडा, वाळलेलं गवत, ओली माती असं काहीबाही भरा. बाटल्यांची सरमिसळ करा, दोनदा हलकेच हुंगा आणि लगेच नाव सांगा. एकच वास फार वेळ घेत राहिलात तर नाक त्याला सरावतं आणि काहीच कळेनासं होतं, म्हणून मध्ये थांबायचं. ओळख पक्की झाली की एकाच वस्तूत खोल शिरा. कच्ची कॉफी, हलकी भाजलेली, काळपट भाजलेली, दळून ठेवल्यावर शिळी झालेली. 'कॉफी' हे उत्तर कुणीही देईल, ती कितपत भाजलेली आहे हे सांगता यायला हवं.

पुढची पायरी तंबाखूच्या पानाची. झाडाच्या तळाचं पान व्होलाडो, मधलं सेको, वरचं लिगेरो. वरच्या पानांना ऊन जास्त मिळतं, ती जाड, तेलकट आणि कडक होतात आणि सावकाश जळतात, म्हणून वळणारा कारागीर लिगेरो सहसा मधोमध ठेवतो. यातल्या एकाच प्रकारच्या पानाची छोटी गुंडाळी कुठे चाखायला मिळाली तर ती संधी सोडू नका. व्होलाडो सौम्य, पण छान जळतं. सेकोत सुगंध असतो. लिगेरोचा एक झुरका घेतला की घसा आणि नाक दोन्ही जागे होतात. हे तीन वेगवेगळे अनुभवले की मिश्रणात कोण काय करतंय ते उलगडायला लागतं. नुसती वर्णनं वाचून ही समज आलेली मी पाहिलेली नाही.

आता प्रत्यक्ष सिगार. पेटवण्याआधी रॅपर, म्हणजे सर्वांत बाहेरचं पान हुंगा, मग उघडं टोक हुंगा. दोन्ही वास बऱ्याचदा वेगळे असतात. डोकं, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक कापून न पेटवता एकदा ओढा आणि जे जाणवेल ते लिहा. पेटवल्यावर साधारण मिनिटाला एक झुरका. घाई केली की सिगार तापतो आणि कडवटपणा सगळं झाकून टाकतो. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडातला बराचसा सोडून द्यायचा, ओठ मिटायचे आणि उरलेला थोडासा नाकावाटे अलगद बाहेर सोडायचा. सुरुवातीला झणझणतं, डोळ्यांत पाणी येतं. त्या झणझणीमागे काय येतं तिकडे लक्ष ठेवा, मिरी, लाकूड, सुका मेवा तिथेच सापडतात. मात्र अमोनियासारखा उग्र दर्प आला तर त्याला 'मसालेदार' म्हणू नका. पान पुरेसं आंबलेलं किंवा मुरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नव्यांचा आणखी एक घोळ कडकपणाबद्दल होतो. कडकपणा म्हणजे निकोटिन, तो डोक्यात आणि पोटात जाणवतो. धुराचा भरीवपणा तोंडात जाणवतो. दोन्ही वेगळे लिहा. आणि काळा रॅपर म्हणजे कडक सिगार, हे डोक्यातून काढा. मादुरोचा, म्हणजे काळपट रॅपरच्या सिगारचा गडद रंग मुख्यतः दीर्घ आंबवणीतून येतो आणि चव पुष्कळदा गोडसर असते.

स्वतःला तपासायचं तर त्रिकोणी चाचणी घ्या. तीन सिगार, ब्रँडच्या पट्ट्या काढलेले, दोन एकसारखे, एक निराळा. आकार एकच असावा आणि तिन्ही एकाच ह्युमिडॉरमधले (आर्द्रता राखणाऱ्या सिगारच्या पेटीतले) असावेत, कारण ६५ आणि ७० टक्के आर्द्रतेतला फरकही चवीत उतरतो. निराळा कोणता? नुसत्या नशिबाने तीनात एकदा बरोबर येतंच, तेव्हा चाचणी पुन्हा पुन्हा करा. पट्टी दिसत असली की आपण नावाची चव घेतो, हे इथे फार स्पष्ट कळतं.

धूर आत घेत नाही म्हणून धोका नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सिगारने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो, आणि निकोटिनची सवयही लागते. जो ओढत नाही त्याने या कामासाठी सुरू करावं, असं मी कुणालाही सांगणार नाही. साठवण, कापणं, पेटवून देणं, पेयांशी जुळवणं हे त्यालाही उत्तम शिकता येतं. जे चाखतात त्यांनी रिकाम्या पोटी चाखू नये. बऱ्याचदा पहिला तृतीयांश ओढून सिगार ठेवून दिला तरी नोंदीपुरतं पुरतं. तंबाखू लागली, घाम फुटला, मळमळलं, तर सिगार खाली ठेवा, पाणी प्या, काही गोड खा. त्या दिवशीचं चाखणं तिथेच संपलं.

क्युबातल्या हवानाच्या फेस्टिवल देल हबानो या सिगार महोत्सवात सोमेलियरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. तिथे ज्ञानाबरोबर सेवाही पाहिली जाते, आणि ते योग्यच आहे. ग्राहक म्हणतो, "काहीतरी स्ट्राँग द्या." लगेच लिगेरोने भरलेला सिगार पुढे करू नका. जेवण झालंय का, हाताशी वेळ किती आहे, आधी काय आवडलं होतं, हे विचारा. रोबुस्तोसारख्या आखूड, जाड सिगारलाही पाऊण ते एक तास लागतो. बोलता बोलता बऱ्याचदा कळतं की त्याला निकोटिन नको आहे, गडद कोको आणि भाजलेल्या कॉफीसारखी भरीव चव हवी आहे. मग मध्यम कडक मादुरो काढा, आणि का काढलात ते दोन वाक्यांत त्याला सांगा.