कम्प्युटरवरून इन्स्टाग्रामवर फोटो टाकताय? या चुका टाळा

इन्स्टाग्राम २०१० साली आलं ते फोनसाठी. कम्प्युटरच्या ब्राउझरमधून फोटो टाकायची सोय सगळ्यांना मिळायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. मधल्या काळात ग्रॅम्ब्लर, फ्ल्यूम यांसारख्या त्रयस्थ अ‍ॅप्सनी ही उणीव भरून काढली. तेव्हा नाइलाज होता. आज निव्वळ फोटो टाकण्यासाठी असं अ‍ॅप उतरवून घेणं हीच पहिली चूक. बिझनेस किंवा क्रिएटर खातं असेल, तर पोस्ट आधीच शेड्यूल करून ठेवायला इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचं मेटा बिझनेस सूट हे साधन फुकट आहे.

तरीही वेगळं अ‍ॅप हवंच असेल, तर ते पासवर्ड कुठे मागतं ते नीट बघा. रीतसर चालणारं अ‍ॅप तुम्हाला ब्राउझरमध्ये इन्स्टाग्रामच्या किंवा फेसबुकच्या स्वतःच्या पानावर नेतं. तिथे तुम्ही लॉगिन करून परवानगी देता आणि अ‍ॅपच्या हाती फक्त एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल चिठ्ठी, लागतं. अनधिकृत अ‍ॅप मात्र स्वतःच्याच खिडकीत युजरनेम आणि पासवर्डचे दोन रकाने दाखवतं, आणि मग तुमच्या नावाने, फोन असल्याचं सोंग घेऊन आत शिरतं. पुढची बहुतेक डोकेदुखी इथूनच सुरू होते.

म्हणजे कशी? संशयास्पद लॉगिनची सूचना येते आणि आपण घाईघाईत ‘हा मीच’ दाबून मोकळे होतो. आधी ठिकाण वाचा. अ‍ॅप त्याच्या कंपनीच्या सर्व्हरवरून लॉगिन करत असेल, तर तिथे भलत्याच देशाचं नाव दिसू शकतं. काही अ‍ॅप्सना ओटीपीची पायरी जमत नाही, म्हणून लोक टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची ही दुसरी तपासणीच, बंद करतात. हे तर अजिबात करू नका, अ‍ॅप बदला.

पोस्ट अडकली की पुन्हा पुन्हा बटण दाबायचा मोह होतो. आधी फोनवर प्रोफाइल उघडून बघा. बऱ्याचदा फोटो गेलेला असतो आणि दुसऱ्यांदा दाबलं की तोच फोटो दोनदा दिसतो. ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असा संदेश आला असेल, तर खरंच थांबा. धडाधड केलेले प्रयत्न बॉटसारखे, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने केल्यासारखे, दिसतात.

अधिकृत मार्गाने जाणारं अ‍ॅप खातं जोडूनच घेत नसेल, तर खातं वैयक्तिक आहे का ते तपासा. त्या मार्गाला बिझनेस किंवा क्रिएटर खातंच लागतं, आणि फोटो जेपीईजीच हवा. रंग फिके पडत असतील, तर एक्सपोर्ट करताना अ‍ॅडोबी आरजीबीऐवजी एसआरजीबी ही रंगपद्धत निवडा. रुंदी १०८० पिक्सेल ठेवली की पुरे.

अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं म्हणजे सुटलो, हा आणखी एक गैरसमज. पासवर्ड घेऊन आत आलेलं अ‍ॅप ‘अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स’ या इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमधल्या यादीत दिसतच नाही, कारण त्याने परवानगी मागितलेलीच नसते. तेव्हा पासवर्ड बदला, मग सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये कुठे कुठे लॉगिन आहे ते उघडून अनोळखी डिव्हाइस बाहेर काढा. तोच पासवर्ड ईमेललाही असेल, तर सुरुवात ईमेलपासून करा, कारण इन्स्टाग्रामचा पासवर्ड रीसेट करायची लिंक तिथेच येते.